टाकीला हात कुणी लावला?

"टाकीला हात कुणी लावला?"

सासऱ्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं! ओरडून मोकळ्या झालेल्या माणसाचा राग चहाबरोबर उतरतो. हा आवाज मात्र इतका खाली गेला होता की रोपवाटिकेच्या अंगणात अर्धगोल करून बसलेली शाळेची मुलंसुद्धा कुजबुजायची थांबली.

मुलांच्या मधोमध तो छोटा निळा ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या धुराचा ढग अजून तरंगत होता. दोरी ओढताच पहिल्या झटक्यात सुरू झाला होता बिचारा! मुलांनी टाळ्या वाजवल्या, सासऱ्यांनी मान ताठ केली, आणि मग... एक ठोका चुकला, दुसरा चुकला, आतून कुणी हातोडी आपटावी तसा आवाज आला, धूर सुटला आणि यंत्र गप्प झालं. मुलांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या दुसऱ्या टाळ्यांनी सासऱ्यांचा चेहरा पार उतरला.

शेतात नांगर ओढणारा मोठा ट्रॅक्टर नव्हे हा. जेवणाच्या टेबलाएवढा, एकाच माणसाला बसता येईल असा, पोटाखाली गवत कापायची पाती आणि मागे कुंड्यांची गाडी अडकवायला एक आकडा, असा हा बागेचा ट्रॅक्टर. वयानं घरातल्या मुलाहूनही मोठा. घरात सगळे त्याला 'नवरदेव' म्हणत, कारण मनधरणी केल्याशिवाय तो जागचा हलत नसे, आणि एकदा निघाला की सगळ्यांनी त्याच्या मागून चालायचं असे. सासऱ्यांनी तरुणपणी भंगारातून उचलून आणला, स्वतःच्या हातांनी उभा केला, आणि दरवर्षी शाळेतली मुलं त्याला बघायला येत. आज तीच मुलं आली होती, आणि आजच नवरदेव रुसला होता.

सासऱ्यांनी टाकीचं झाकण काढलं, वाकून नेहमीसारखा दीर्घ श्वास घेतला. क्षणभर थांबले. मग आत बोट बुडवून ते अंगठ्यावर चोळलं. पेट्रोल असतं तर बोटावरून बघता बघता उडून गेलं असतं. हे तेलकट राहिलं, चिकटून बसलं.

"डिझेल," ते म्हणाले. "पेट्रोलच्या इंजिनात डिझेल! काल संध्याकाळी मी स्वतः पेट्रोल भरलंय. त्यानंतर टाकीला हात कुणी लावला?"

नणंदेनं भावाकडे पाहिलं, भावानं बहिणीकडे. आणि मग दोघांचीही नजर फिरून तिच्यावर, या घरच्या सुनेवर येऊन थांबली, कारण त्या टाकीला हात लावणारं सासऱ्यांखेरीज दुसरं कोणी या घरात नव्हतंच.

तिनं काल संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. सासरे डब्यांच्या रांगेतला कोपऱ्यातला डबा उचलून शेडमध्ये चालले होते. कोपऱ्यातला, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या इंजिनासाठी ठेवलेला, डिझेलचा. त्यांना पंपात भरायचं असेल असं समजून तिनं कणीक मळायला घेतली होती. आता सगळं लख्ख कळलं... आणि त्याच क्षणी हेही कळलं की आपण खरं बोललो तर हा ताठ मानेचा म्हातारा माणूस चिमुकल्या मुलांसमोर मोडून पडेल!

"मी, बाबा," ती म्हणाली. "सकाळी जरा कमी वाटलं म्हणून..."

"वास नाही घेतलास?"

"नाही."

या एका शब्दाची किंमत तिला सगळ्यात जास्त मोजावी लागली. चूक झाली हे कुणीही कबूल करेल. पण वास न घेता झाकण उघडलं असं या घरात म्हणणं, म्हणजे इतक्या वर्षांत मी काहीच शिकले नाही असं म्हणणं होतं.

सासऱ्यांनी तळहात पुढे केला. "शेडची किल्ली."

तिनं कमरेची किल्ली सोडवून त्यांच्या हातावर ठेवली. ते किल्लीकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून तुम्ही रोपांकडे बघा, सूनबाई."

तुम्ही! सूनबाई! ज्या माणसानं तिला 'पोरी'वाचून दुसरी हाक मारली नव्हती, त्यानं तिला एका वाक्यात उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिनं गालावर उतरू दिलं नाही. आपण काय केलं आणि का केलं, हे तिला नीट ठाऊक होतं.

*

लग्न होऊन ती आली तेव्हा तिला मशीन म्हटलं की शिवणाचंच मशीन माहीत होतं. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. दुकानाचा गल्ला नणंद सांभाळायची, नवरा गाडीतून रोपं पोचवायचा, आणि सासरे दुपारभर शेडमध्ये त्या निळ्या यंत्राशी बोलत बसायचे. ती चहा घेऊन जायची आणि कप रिकामा होईपर्यंत उभी राहायची. एक दिवस ते म्हणाले, "उभी कशाला? पाना धर."

शिकवावं तर त्यांनी! घाई नाही, चिडचिड नाही. तिनं चुकीचा पेच उलगडला तर ते म्हणत, "छान. आता तोच पुन्हा बसव, म्हणजे तो कशासाठी होता ते तुला जन्मभर विसरता येणार नाही." प्लग कसा घासायचा, कार्बोरेटर म्हणजे इंजिनाची फुंकर कशी, तिथं हवेत पेट्रोल कसं मिसळतं, हे त्यांनी तिला चहाच्या गाळणीवर आणि अत्तराच्या कुपीवर समजावलं होतं. आणि सगळ्यात आधी शिकवला होता तो वास. तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून ते एकेक चिंधी तिच्या नाकाशी धरत. हे पेट्रोल, टोचणारं. हे डिझेल, जड. हे जुनं तेल, हे जळकं रबर म्हणजे पट्टा घसरतोय, हा गोडसर वास म्हणजे तारेवरचं आवरण तापतंय, पळ!

त्यांना नवरदेवाचं दुखणं अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून कळत असे. म्हणून तर घरातल्या कुठल्याच डब्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. एकाच दुकानातून आणलेले, एकाच रंगाचे, शेजारी शेजारी ठेवलेले डबे! "ज्याला वास कळत नाही त्यानं झाकण उघडू नये," असं ते अभिमानानं सांगत, आणि घरातले सगळे तितक्याच अभिमानानं ऐकत. त्यात धोका आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झालीच नसती. तिथं कुणीतरी केव्हाच रंगाचा ब्रश घेतला असता.

मग थंडीत सासऱ्यांना तो मोठा ताप आला. ताप गेला, अशक्तपणा गेला, भूक परत आली. एक गोष्ट मात्र परत आली नाही, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

तिला पहिल्यांदा शंका आली ती दुधामुळे. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि सासरे शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत शांत बसले होते. वाचनात गुंगले असतील, तिला वाटलं. पण मग गुलाब आला. एक बाई रोपं घ्यायला आल्या होत्या. सासऱ्यांनी एक टपोरा पिवळा गुलाब त्यांच्यापुढे धरला, स्वतः आधी डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, "घ्या, बघा काय सुगंध आहे!" बाईंनी हुंगला, आणि गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या जातीला वास नसतोच मुळी! आयुष्यभर गुलाब वाढवलेला माणूस बिनवासाच्या फुलाची तारीफ करत होता. ती शेजारून पटकन हसली, "बाबांची ही नेहमीची गंमत आहे हो, गिऱ्हाइकाचं नाक तपासतात!" बाई हसल्या, सासरेही हसले. पण हसताना त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं.

त्या हसण्यानं तिचं अंतःकरण पिळवटून निघालं. ज्याच्या जोरावर माणूस आयुष्यभर उभा राहिला तेच हरवलं, आणि ते हरवलंय हे बोलायलाही त्याला जागा नाही... केवढा हा एकटेपणा! ते आपणहून सांगतील म्हणून ती वाट बघत राहिली. एकदा सहज म्हणून सुचवलं, "बाबा, डब्यांवर नावं लिहू का?" तर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "का? तुझं नाक गेलं का?"

पुढे तिला बोलवेना.

*

किल्ली गेल्यानंतर घर बदललं. म्हणजे भिंती त्याच, भांडी तीच, पण ती आली की बोलणं थांबायचं.

नणंद मात्र थांबणाऱ्यांतली नव्हती. गल्ल्यावरून तिचा आवाज थेट रोपांच्या मांडवापर्यंत पोचत असे. "बघून भर गं बाई ते पाणी! नाहीतर झारीत रॉकेल निघायचं!" किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला, "खत ना? थांबा हं, मीच देते. आमच्याकडे हल्ली डब्यांचा भरवसा नाही."

नवरा रागावला नाही. त्याला फक्त नवल वाटलं, आणि ते नवलच तिला जास्त लागलं. "अगं, तू एवढी विसराळू कधी झालीस?" तो म्हणाला.

"झाले असेन," ती म्हणाली.

"बाबांना जाऊन सांग ना, पुन्हा नाही होणार म्हणून."

"वेळ आली की सांगेन."

ती रोपं लावत राहिली. माती चाळायची, पिशव्या भरायच्या, बोटानं भोक पाडून त्यात इवलंसं रोप उतरवायचं. काम तेच होतं, हातही तेच होते. पण कान सगळे शेडकडे लागलेले. सासऱ्यांनी टाकी काढली, धुतली, कार्बोरेटरचे भाग उलगडले, हे तिला आवाजावरून कळत होतं. मध्येच पाना निसटून पडला की तिचे पाय आपोआप तिकडे वळत, आणि ती त्यांना बळेच मागे आणत असे. तिला आपल्या खोटेपणाचा पश्चात्ताप नव्हता. बाबांची मान ताठ राहिली ना? मग ताई काय बोलते, घर काय म्हणतं, याची पर्वा कुणाला! असं ती स्वतःला रोज सांगत होती, आणि रोज ते तिला खरंही वाटत होतं.

पण एक गोष्ट तिनं हिशोबात धरलीच नव्हती. बाबांचा अभिमान वाचवण्याच्या नादात तिनं बाबांना त्या बंद शेडमध्ये एकटं सोडलं होतं... पेट्रोलबरोबर, आणि नाकाशिवाय!

*

त्या दुपारी वारा होता. ती रोपांचा ट्रे घेऊन शेडच्या मागून चालली होती, आणि चालता चालता थबकली.

वास! टोचणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. एखाद्या चिंधीचा नव्हे, सांडलेल्या पेट्रोलचा. तो फटींतून बाहेर येत होता, म्हणजे आत केवढा असेल! शेडचं दार बंद होतं. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून सासरे दार लावून घेत, ते कधी, तर ज्योतीवर कथील वितळवून डाख लावायचा असला की. टाकीच्या तोंडाशी बारीक चीर होती, हे तिला माहीत होतं. म्हणजे आता ते...

ट्रे हातातून सुटला. रोपं कुठं पडली ते तिनं पाहिलं नाही. तिनं दार ढकललं. टेबलावर पाण्यानं भरलेली टाकी, शेजारी डाख लावायचा दिवा, आणि सासऱ्यांच्या एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी!

"बाबा, नको!"

काडी ओढली जाण्याआधीच तिनं त्यांचं मनगट धरलं आणि काडेपेटी हिसकावून दाराबाहेर फेकली. सासरे संतापले. "किल्ली काढून घेतली तरी तुझं समाधान नाही? टाकी धुतलीय, वाफ उरू नये म्हणून पाणी भरलंय, मला काय कळत नाही का?"

"बाहेर चला आधी."

"का पण?"

"बाबा, वास..."

"कसला वास?"

हा प्रश्न त्यांनी विचारायलाच नको होता. त्या शेडमध्ये उभं राहून पाच वर्षांच्या मुलानंही तो विचारला नसता. त्यांनी हळूहळू मान खाली घातली. टेबलाखाली ठेवलेल्या डब्याचं बूड गंजून फुटलं होतं. भाग धुवायला काढलेलं सगळं पेट्रोल खालच्या गोणपाटात जिरलं होतं आणि तिथून ओघळून त्यांच्या चपलेपर्यंत आलं होतं.

तिनं त्यांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं, पारावर बसवलं, शेडचं दार सताड उघडलं, गोणपाट ओढून उघड्यावर टाकलं. मग त्यांच्या समोर जमिनीवरच बसली.

"तुला कधीपासून माहीत आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"दूध करपलं तेव्हापासून."

"आणि गुलाब?"

"तोही."

त्यांनी शेडकडे पाहिलं. मग एकाएकी त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे त्या दिवशी... ते डिझेल..."

तिनं मान डोलावली.

"मी भरलं होतं! मीच! आणि तू सगळ्यांदेखत... पोरी, तू सगळ्यांदेखत म्हणालीस की वास घेतला नाही!" त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून अश्रू घळाघळा वाहू लागले. "मी किल्ली मागितली आणि तू दिलीस. एक शब्द नाही बोललीस!"

"मुलं बसली होती, बाबा. तुमची मान खाली गेलेली मला बघवली नसती."

"आणि तुझी गेलेली? ती मी बघितली की! छान बघितली!" ते कळवळून म्हणाले. मग त्यांच्या आवाजात पुन्हा धार आली. "पण एक सांगतो, तू चुकलीस. माझ्यावर दया केलीस तू! त्या दयेपायी आज मी जळून गेलो असतो, आणि माझ्या मागोमाग आत धावलीस म्हणून तूही. मला दया नको होती गं... मला कुणीतरी सांगायला हवं होतं."

हे ऐकायची तिची तयारी नव्हती. आजवर तिला वाटत होतं, आपण सोसलं म्हणजे सगळं भलं केलं. आता पारावर बसलेला हा रडवेला माणूस तिला पुन्हा एकदा शिकवत होता, आणि तो शिकवत होता ते खरं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"चुकले," ती म्हणाली. "यापुढे मी लपवणार नाही. पण तुम्हीही लपवायचं नाही. तुम्ही मला विचारलं होतंत, तुझं नाक गेलं का म्हणून. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, माझं नाही, बाबा, तुमचं गेलंय. आता म्हणते. नाक गेलंय तुमचं. हात गेलेले नाहीत, कान गेलेले नाहीत, आणि डोकं तर इतकं शाबूत आहे की अजून मला रागावता येतंय."

सासरे रडता रडता हसले. हसता हसता त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि तसेच ठेवून राहिले.

*

संध्याकाळी चहाला सगळे टेबलाभोवती असताना सासरे म्हणाले, "टाकीत डिझेल मी भरलं होतं."

नणंद बशीतून चहा पीत होती. ती थांबली.

"मला वास येत नाही. तापापासून. हिला माहीत होतं, म्हणून हिनं आळ स्वतःवर घेतला. आज मी शेड पेटवून देणार होतो, हिनं हात धरला." त्यांनी एवढंच सांगितलं, काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही, आणि खिशातली किल्ली काढून तिच्या कपाशेजारी ठेवली.

नवऱ्यानं मान खाली घातली. "मी एकदाही विचारलं नाही तुला, खरंच तू भरलंस का म्हणून," तो हळूच म्हणाला. "मला वाटायला हवं होतं की ही असं करणं शक्य नाही. मला वाटलंच नाही गं..."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो घट्ट धरून ठेवला.

नणंदेचे डोळे भरून आले होते, पण तोंड अजून तिच्या ताब्यात होतं. "मला तरी सांगायचंस! मी काय काय बोलले तुला! झारी काय, रॉकेल काय... आणि तू ऐकून कसं घेतलंस गं सगळं?"

"तुम्ही बोलत असताना मध्ये कुणाला बोलता येतं का, ताई?"

नणंदच आधी हसली, हसता हसता हुंदका फुटला, आणि तिनं उठून भावजयीला मिठी मारली. बशी हातातच होती; उरलासुरला चहा दोघींच्या अंगावर सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी स्वतः पांढरा रंग आणि ब्रश घेतला आणि सगळ्या डब्यांवर वीतभर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. फुटका डबा भंगारात गेला. त्यानंतर ते धुतलेला सदरा घालून शाळेत गेले. तिला त्यांनी बरोबर नेलं. वर्गात फळ्यासमोर उभं राहून त्यांनी मुलांना विचारलं, "त्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला, आठवतंय?"

"हो!" सगळा वर्ग ओरडला.

"मी हिला रागावलो, तेही आठवतंय?"

आता 'हो' जरा हळू आला.

"चूक माझी होती. नाक तापात गेलं, तरी मी ते आहे असं दाखवत राहिलो. आपल्याला एखादी गोष्ट येईनाशी झाली ना, तर काय करायचं असतं?"

"सांगायचं असतं," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"बरोबर. तुला माझ्याआधी कळलं बघ." मग ते तिच्याकडे वळले, आणि भर वर्गात, त्याच मुलांसमोर म्हणाले, "पोरी, माझं चुकलं."

तिनं इतक्या दिवसांत कुणासमोर डोळ्यांतून थेंब पडू दिला नव्हता. तो आता पडला, आणि तिनं तो पुसायची घाई केली नाही.

*

नवरदेव पुन्हा उभा राहायला काही दिवस लागले. टाकीला डाख लागला, तो उघड्यावर, तिनं आधी चहूबाजूंनी फिरून हवा तपासल्यावर. पेट्रोलच्या नव्या नळ्या आल्या. प्लग तिनं घासला, कार्बोरेटर सासऱ्यांनी जुळवला. त्यांची बोटं आता पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागली होती. इंजिन चालू असताना ते बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहत आणि म्हणत, "डावीकडचा पेच ढिला आहे," आणि तो ढिला निघत असे. ती म्हणे, "पेट्रोल जास्त जातंय, वास येतोय," आणि ते स्क्रू केसभर आत घेत. दोघांमध्ये मिळून एक पुरा मेकॅनिक तयार झाला होता, आणि पूर्वीच्या एकट्याहून तो बराच बरा होता.

एका सकाळी गावातल्या बागेचा मुकादम आला. बागेचं गवत कापायचं यंत्र मोडलं होतं, गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं, आणि आठवड्याच्या शेवटी तिथं कार्यक्रम होता. तो थेट सासऱ्यांपाशी गेला. "काका, तुमचा ट्रॅक्टर मिळेल का दोन दिवस?"

"माझा कुठं आहे ट्रॅक्टर?" सासरे म्हणाले.

मुकादम हसला. "चेष्टा करता काय काका! हा काय समोर उभा आहे."

"तो हिचा आहे," सासऱ्यांनी मांडवाकडे बोट केलं. "मी मदतीला असतो. तिलाच विचारा."

ती मातीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं. आधी काही ठरलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. भंगारातून उचललेलं, उमेदीची सगळी वर्षं खर्चून जपलेलं आपलं यंत्र त्यांनी एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिचं करून टाकलं होतं! 'बाबा, असं काय म्हणता,' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं त्याग नव्हता, उपकार नव्हता, भरपाईही नव्हती. डब्यावर नाव लिहावं तसं त्यांनी जे आहे ते सांगितलं होतं. जे खरं आहे ते नाकारून पुन्हा खोटं कशाला बोलायचं?

ती उठली, हात झटकले. "परवा सकाळी घेऊन येते," तिनं मुकादमाला सांगितलं. "त्याआधी पट्टा बदलायचाय. पण एक आहे, चालवणार मी, आणि बाबा बरोबर असतील."

"काकांना कशाला उन्हातान्हात?"

"तुमच्या गवतात दगड किती आहेत ते तुम्हाला तरी माहीत आहे का? पातं कुठं घासलं तर हाताला आधी त्यांच्याच कळतं."

"मालकीण म्हणतेय तर यायलाच हवं," सासरे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आणि गल्ल्यावरून नणंद ओरडली, "मुकादम, माझ्या भावजयीशी नीट बोला हं! ती गप्प बसते, मी नाही बसत!"

मुकादम हसत हसत गेला. सासरे बाह्या सरसावत शेडकडे निघाले होते. पण दारापाशी पोचल्यावर ते आत गेले नाहीत. एक पाऊल बाजूला सरून, तिची वाट बघत उभे राहिले.

ती पुढे झाली. शेडचं दार उघडून आत गेली, मधोमध उभी राहिली आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"या, बाबा," ती आतून म्हणाली.